जोडीतला दुसरा स्विच

मागच्या महिन्यात मंडळाचे सहभोजन झाल्यावर पानसुपारी चालू होती. एका ज्येष्ठ सभासदांनी आम्हांला दंडाला धरून बाजूला घेतले. "तुम्ही बँकवाले ना? मग मला सांगा, तुमच्याकडे सगळं दोन-दोन असतं म्हणतात. तरी 'सर्व्हर डाऊन' होतोच कसा?" हयातीचा दाखला द्यायला ते बँकेत गेले होते आणि दीड तास बाकावर बसून तसेच परत आले होते. आम्हांला निवृत्त होऊन सहा वर्षे झाली, पण बँकेचे पाप अजून आमच्याच माथी येते. त्या वेळी आम्ही काहीतरी गुळमुळीत बोलून सुटका करून घेतली.

घरी आल्यावर मात्र प्रश्न डोक्यातून जाईना. आमचा भाचा पुण्यात एका डेटा सेंटरमध्ये नेटवर्कचे काम करतो. त्याला फोन लावला आणि पुढचे दोन रविवार त्याने मामाची शिकवणी घेतली. आम्ही पडलो बी.कॉम. त्याने सांगितलेले सगळे आम्ही तिजोरी, चावी, चार्ज, आवक-जावक अशा आमच्या ओळखीच्या खुंट्यांना टांगत समजून घेतले. मंडळातल्या कितीतरी घरांतली मुले आज याच कामात आहेत. रात्री दोन वाजता त्यांचा फोन का खणखणतो, हे आईवडिलांनाही थोडे कळेल म्हणून हे लिहीत आहोत. चूक सापडली तर ती मामाची समजावी.

डेटा सेंटरमध्ये लोखंडी मांडण्या असतात, त्यांना रॅक म्हणतात. रॅकमध्ये एकाखाली एक सर्व्हर, आणि बहुधा सर्वांत वर स्विच. एकोणीस इंच रुंद, पावणेदोन इंच उंच असा चपटा डबा. समोर तारा खोचायची दारे, त्यांना पोर्ट म्हणायचे. बऱ्याच स्विचना ती ४८ असतात. स्विचचे काम आमच्या आवक-जावक कारकुनाचे. आलेल्या पाकिटावरचा पत्ता बघायचा, तो पत्ता कोणत्या दारामागे राहतो हे आपल्या यादीत शोधायचे आणि त्या दारातून पाकीट पुढे सरकवायचे. यादीही तो स्वतःच तयार करतो. कोणाचे पाकीट कोणत्या दारातून आले, हे टिपत जातो. फक्त आमचा कारकून दिवसाला दोनशे टपाले करायचा, हा सेकंदाला कोट्यवधी करतो.

हा कारकून अचानक मेला तर त्या रॅकमधले सर्व्हर धडधाकटच राहतात. खातेवही शाबूत, शिल्लक बरोबर, पण त्यांच्यापर्यंत जायला वाट नाही. काउंटरवरची मुलगी 'सर्व्हर डाऊन' म्हणते तेव्हा कित्येकदा सर्व्हरला काहीही झालेले नसते.

म्हणून स्विच दोन बसवतात. प्रत्येक सर्व्हरला दोन तारा, एक या स्विचला, एक त्या स्विचला. वीजही दोन बाजूंनी, दोन वेगळ्या यूपीएसवरून. या व्यवस्थेला रिडंडन्सी म्हणतात आणि एकाचे काम दुसऱ्याने उचलण्याला फेलओव्हर. आमच्या काळात 'रिडंडंट' म्हटले की व्हीआरएसची आठवण होऊन पोटात गोळा यायचा. इथे जास्तीचा गडी ठेवणे हीच नोकरीची अट आहे.

इथे बँकवाल्याची एक गल्लत होते, आमचीही झाली. तिजोरीच्या दोन चाव्या हेड कॅशियर आणि अकाउंटंट यांच्याकडे असतात. दोघे आले तरच तिजोरी उघडते. तिथे दोघे असण्याचा हेतू, एकट्याला काही करता येऊ नये हा. स्विचच्या जोडीत हेतू नेमका उलटा आहे. कोणीही एकटा आला तरी दार उघडले पाहिजे. ऐकायला हे सोपे वाटते, पण सगळा घोळ इथूनच सुरू होतो. एकट्याने कारभार हाती घ्यायचा, तर दुसरा खरोखर गेला आहे हे त्याला आधी कळले पाहिजे.

पूर्वीची रीत म्हणजे दोन वाटांतली एक मुद्दाम बंद ठेवायची. त्याला कारण होते. स्विच एकमेकांना दोन वाटांनी जोडले की वर्तुळ तयार होते. ईथरनेटच्या पाकिटावर 'इतक्या हातांतून गेल्यावर फाडून टाका' अशी काही नोंद नसते. सर्वांसाठी काढलेले एखादे परिपत्रक अशा वर्तुळात शिरले की ते फिरतच राहते, त्याच्या प्रती वाढत जातात आणि बघता बघता सगळे नेटवर्क त्या परिपत्रकाने तुंबते. १९८५ साली अमेरिकेत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करणाऱ्या रॅडिया पर्लमन या बाईंनी यावर तोड काढली. तिचे नाव स्पॅनिंग ट्री. स्विच आपसांत बोलून एकाला प्रमुख निवडतात, जास्तीच्या वाटा बंद ठेवतात आणि चालू वाट तुटली तर बंद वाट उघडतात. जगभरची नेटवर्के यावर चालली, अजूनही पुष्कळ ठिकाणी चालतात. पण पैसे दोन वाटांचे आणि उपयोग एकीचा, हे कोणालाही डाचणारच. शिवाय जुन्या पद्धतीत बंद वाट उघडायला ३० ते ५० सेकंद लागत. एटीएममध्ये कार्ड अडकवून पन्नास सेकंद मोजून पाहा म्हणजे कळेल. पुढे २००१ मध्ये याची जलद आवृत्ती आली, तिने हा वेळ पुष्कळ कमी केला.

आजच्या जोडीत दोन्ही स्विच काम करतात. दोघे मिळून सर्व्हरला भासवतात की आम्ही एकच आहोत. सर्व्हर आपल्या दोन तारांची एक मोळी बांधतो. काही संभाषणे या तारेने जातात, काही त्या. एक तार गेली की सगळी उरलेल्या तारेवर येतात. या तंत्राला एमलॅग म्हणतात, सिस्को कंपनीच्या स्विचमध्ये त्याचे नाव व्हीपीसी. हे सोंग वठवायचे तर दोघांच्या याद्या सतत जुळत्या राहिल्या पाहिजेत. म्हणून दोघांमध्ये एक जाड वाट टाकतात, ती पिअर लिंक. शिवाय आणखी एक बारीक वाट असते, पूर्ण वेगळ्या रस्त्याने गेलेली. तिच्यावरून 'आहेस का?' आणि 'आहे' एवढेच बोलायचे. तिला कीपअलाइव्ह म्हणतात. सिस्कोच्या स्विचमध्ये ही हाक नेमाने दर सेकंदाला जाते.

दोन वाटा कशाला, हे समजायला आमचा अख्खा रविवार गेला.

समजा जाड वाट तुटली. आता प्रत्येक स्विचला पलीकडून काहीच ऐकू येत नाही. पलीकडचा मेला, की मधली तार तुटली? आतून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसते. दोघांनीही 'तो गेला, आता मीच' असे ठरवले तर एका शाखेत दोन व्यवस्थापक झाले. दोघेही चेक पास करणार, आणि दुसऱ्याने काय पास केले हे कोणालाच ठाऊक नसणार. या अवस्थेला स्प्लिट ब्रेन म्हणतात, आणि जोडी नसती तर बरे असे वाटायला लावणारी हीच ती अवस्था.

बारीक वाट इथे कामाला येते. जाड वाट तुटली, पण बारीक वाटेवरून 'आहे' असे उत्तर येत असले, तर दोघेही जिवंत आहेत आणि फक्त तार गेली आहे हे उघड होते. मग जोडीतला दुय्यम स्विच स्वतःहून आपली सर्व्हरकडची दारे लावून घेतो. तो ठणठणीत असतो, काहीही बिघडलेले नसते, तरी बाजूला होतो, म्हणजे दोन मालकांचे भांडण होत नाही. बारीक वाटही मुकी असली तर मात्र तो समजतो की थोरला गेला, आणि सूत्रे हाती घेतो.

भाच्याने यातली मेख सांगितली. आधी बारीक वाट तुटली तर वरकरणी काहीच होत नाही. काम चालू, तक्रार नाही. कुठल्यातरी नोंदवहीत एक इशारा पडतो, तो कोणी वाचत नाही. तीन महिन्यांनी जाड वाट तुटते. आता दोघेही जिवंत, दोघांनाही दुसरा मेलेला वाटतो आणि दोघेही थोरले होतात. "मामा, आमचे निम्मे अपघात त्या न वाचलेल्या इशाऱ्याचे असतात," भाचा म्हणाला. त्याचा 'निम्मे' हा शब्द तक्त्यातला आकडा समजू नये, वैतागाचा समजावा.

पत्त्याचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. बाहेरच्या जगाकडे जाणारे टपाल सर्व्हर ज्या पत्त्यावर पाठवतात, तो पत्ता कोणा एका यंत्राचा ठेवत नाहीत. बँकेला येणारे पत्र जसे 'शाखा व्यवस्थापक' या नावाने येते, माणसाच्या नावाने नाही, तसा तो पदाचा पत्ता असतो. यासाठी १९९८ पासून व्हीआरआरपी नावाची एक खुली पद्धत आहे. खुर्चीवर बसलेला दर सेकंदाला 'मी आहे' असे पुकारतो. तीन हाका चुकल्या की शेजारी बसलेला, सुमारे साडेतीन सेकंदांत, खुर्चीवर येतो. पत्र पाठवणाऱ्याला पत्ता बदलावा लागत नाही. रजेवरून परतलेल्याने आल्याआल्या खुर्ची मागायची का, हा आमच्या बँकेतला जुना वाद इथेही आहे. व्हीआरआरपीमध्ये वरचढ क्रमांकाचा परत आला की मूळ नियमाप्रमाणे खुर्ची परत घेतो. सिस्कोच्या जोडीत मात्र परतलेला थोरला धाकट्यालाच प्रमुख राहू देतो. याद्या भरून होईपर्यंत तो थोडा थांबतो आणि मगच दारे उघडतो. चार्ज रिपोर्ट वाचल्याशिवाय सही करायची नाही, हे त्या डब्याला कळते. आमच्या ओळखीच्या काही अधिकाऱ्यांना ते शेवटपर्यंत कळले नाही.

आता खरी घडलेली हकीकत. गिटहब ही अमेरिकेतली सेवा आहे. जगभरचे प्रोग्रॅमर आपले काम तिथे ठेवतात, आपल्या मुलांपैकी अनेक जण रोज वापरत असतील. शनिवार, २२ डिसेंबर २०१२ रोजी तिथे मोठा खोळंबा झाला, आणि नेमके काय बिनसले ते त्यांनी नंतर स्वतः सविस्तर प्रसिद्ध केले. लपवाछपवी नाही, हे आम्हांला फार आवडले.

त्यांच्या मुख्य स्विचांची अशीच जोडी होती. स्विचांच्या सॉफ्टवेअरचे काम चालू असताना स्विच बनवणाऱ्या कंपनीच्या माणसांनी तपासासाठी एका स्विचमधला कारभारी प्रोग्रॅम बंद केला. अपेक्षा अशी की तो बंद पडला की मधली तार पडेल, आणि तार पडली की दुसरा स्विच दोन सेकंद वाट पाहून सगळे काम अलगद उचलेल. पण तार पाडायची आज्ञा द्यायला तो कारभारीच जागेवर नव्हता. शिवाय बंद पडताना आपली अवस्था नोंदवून ठेवायला त्याने जास्त वेळ घेतला. तारेचा दिवा तेवढा वेळ लागलेलाच राहिला. पलीकडच्या स्विचला पाच सेकंद हाकेचे उत्तर आले नाही, पण तार मात्र जिवंत दिसत होती. त्याने नियमाप्रमाणे निष्कर्ष काढला की जोडीदार मेलेला नाही, बिघडला आहे. अशा वेळी अलगद ताबा घेणे धोक्याचे, म्हणून तो जोडी मोडून एकटा स्विच असल्यासारखा वागू लागला. तारांच्या सगळ्या मोळ्या नव्याने बांधाव्या लागल्या, स्पॅनिंग ट्रीची निवडणूक नव्याने झाली, आणि सुमारे दीड मिनिट खालच्या स्विचांमधली सगळी वाहतूक थांबली.

दीड मिनिटाने नेटवर्क परत आले. खरा अनर्थ त्यानंतर झाला. त्यांचे फाइल ठेवणारे सर्व्हरही जोडीजोडीने होते, आणि काळजी म्हणून प्रत्येक जोडीतले दोघे वेगवेगळ्या रॅकमध्ये ठेवले होते. नेटवर्क गोठल्यावर दोघांनाही दुसऱ्याचा श्वास ऐकू येईना. अशा वेळी दोन मालक होऊ नयेत म्हणून एक कठोर नियम असतो: ताबा घेण्यापूर्वी जोडीदाराला बंद पाडायचे. अनेकांनी तशा आज्ञा सोडल्या, पण नेटवर्कच बंद असल्यामुळे काही पोहोचल्याच नाहीत. नेटवर्क परतले तेव्हा कित्येक जोड्यांत दोघेही स्वतःला मालक समजत होते. दोघांनी एकमेकांना बंद पाडले आणि दोघेही आडवे झाले. माणसांना एकेक जोडी हातात घेऊन, खरी वही कोणाकडची हे पाहून, सगळे उभे करावे लागले. त्यात कित्येक तास गेले. पूर्ण मेलेल्या स्विचने हे काही केले नसते. अर्धमेल्याने केले.

पानसुपारीच्या वेळच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला इथे सापडले. पण ते लिहिताना आमची स्वतःची एक गोष्ट आठवली, आणि ती लपवणे बरोबर नाही.

कोअर बँकिंग येऊन थोडाच काळ झाला होता. आम्ही माळव्यातल्या एका शाखेत होतो. मुख्य कार्यालयाशी जोडणारी एक भाड्याची लाइन होती, आणि ती गेली तर आयएसडीएनची पर्यायी लाइन आपोआप लागेल अशी सोय. दर शनिवारी रजिस्टरमध्ये 'पर्यायी लाइन तपासली, ठीक' असे लिहून सही करायची. सही आमची. तपासणी म्हणजे मोडेमचा हिरवा दिवा पाहणे. एका जूनमध्ये रस्ता खोदणाऱ्यांनी मुख्य लाइन तोडली. पर्यायी लागेना. दुपारी उलगडा झाला. त्या टेलिफोन लाइनचे बिल शाखेच्या जुन्या पत्त्यावर जात होते, कित्येक महिने भरलेच गेले नव्हते, आणि लाइन केव्हाच कापली गेली होती. हिरवा दिवा मोडेमला वीज मिळते आहे, एवढेच सांगत होता.

त्या दिवशी एक गृहस्थ मुलीच्या प्रवेशासाठी डिमांड ड्राफ्ट काढायला आले होते. मुदत त्याच दिवशी पाच वाजेपर्यंत. पैसे त्यांच्या खात्यात, खाते आमच्या शाखेत, आणि आम्हांला ड्राफ्ट काढता येईना. शेवटी आमच्या शिपायाने त्यांना स्कूटरवर मागे बसवून दुसऱ्या शाखेत नेले. पावणेपाचला ड्राफ्ट कॉलेजात पोहोचला. दुसऱ्या दिवशी ते पेढे घेऊन आले. आम्ही पेढा खाल्ला, पण रजिस्टर त्यांना दाखवायची छाती झाली नाही.

गंमत म्हणजे हे शहाणपण बँकेत आधीपासून होते. तिजोरीच्या चाव्यांचा दुसरा जोड सीलबंद पाकिटात दुसरीकडे ठेवतात. तो तिथे वर्षानुवर्षे पडून राहत नाही. ठरावीक काळाने तो आणून वापरात घ्यायचा आणि वापरातला सील करून पाठवायचा. त्यामुळे दुसरी चावी कुलपाला लागते की नाही, हे अडचणीच्या दिवशी कळत नाही, आधीच कळते. चावीच्या बाबतीत आम्ही हे इमानाने केले. लाइनच्या बाबतीत दिवा बघत बसलो.

मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे २४ फेब्रुवारी २०२१ चे प्रकरण शेअरवाल्या मंडळींना आठवत असेल. दोन वेगवेगळ्या टेलिकॉम कंपन्यांच्या लाइन असूनही दोन्हींत बिघाड झाला, पावणेबाराच्या सुमारास व्यवहार थांबले, आणि त्या दिवशी बाजार संध्याकाळी पाचपर्यंत चालवावा लागला. २ मार्च आणि १८ मे २०२४ या दोन शनिवारी मात्र शेअर बाजारांनी खास सत्रे ठेवली आणि चालू व्यवहारांतच काम मुख्य जागेवरून पर्यायी जागेवर हलवून दाखवले. खऱ्या पैशांनिशी. रजिस्टरमधल्या 'ठीक' पुढे हे फार मोठे पाऊल आहे.

हिशोबाची एक बाब राहिली. दोन्ही स्विच साठ-साठ टक्के भरून चालत असतील तर कागदावर सगळे झकास दिसते. एक गेला की उरलेल्यावर एकशेवीस टक्के ओझे. तो मरत नाही, पण पाकिटे सांडू लागतो. म्हणून जोडीतल्या प्रत्येकाने निम्म्याच्या आत राहायचे. साहेबांना हे पटवणे सर्वांत कठीण, असे भाचा म्हणतो. अर्धे रिकामे यंत्र दिसले की खर्चात कपात सुचतेच. आणि दोघे एकाच कंपनीचे, एकाच सॉफ्टवेअरचे जुळे असले, तर एकाला होणारा आजार दुसऱ्यालाही होतो. म्हणून सॉफ्टवेअर बदलताना एकाचे बदलतात, काही काळ त्याच्यावर नजर ठेवतात, मग दुसऱ्याचे.

परवाच्या शनिवारी भाच्याकडे अशीच चाचणी होती. आम्ही सराफ्यातून भुट्ट्याचा कीस खाऊन परतलो होतो आणि झोप येत नव्हती, म्हणून त्याला म्हटले, झाले की कळव. चाचणीत एका यंत्रावरून दुसऱ्याला दर सेकंदाला एक हाक मारत राहतात, तिला पिंग म्हणतात, आणि जोडीतल्या एका स्विचची वीज खरोखर काढतात. किती हाका वाया गेल्या ते मोजायचे. रात्री दोन वाजून वीस मिनिटांनी त्याचा फोन आला.

"मामा, एक गेली. फक्त एक."

"मग आता झोपा."

"कुठलं झोपतो! वीज परत दिली, तो उठून जोडीत आला. आता दुसऱ्याची काढतो."